चौकटीमागची मैत्रीण

बारामतीच्या कॉलेजात असताना आमची एकांकिका स्पर्धेसाठी इंदापूरला गेली होती. नेपथ्य माझ्या वर्गातल्या, सोमेश्वरनगरच्या एका मैत्रिणीकडं होतं. दाराची लाकडी चौकट तिनं स्वतः ठोकली होती आणि एसटीच्या टपावरून जपून आणली होती. पण तिथल्या रंगमंचावर खिळे मारायला परवानगी नव्हती. आधाराशिवाय चौकट उभी राहीना, आणि मला तर शेवटच्या प्रसंगात ते दार रागानं आपटून बाहेर जायचं होतं.

“मी हळूच लावून घेईन,” मी म्हणाले.

“तसं न्हाय चालायचं. राग खोटा वाटंल. तू आपट जोरात, मी मागनं धरते.”

सगळा वेळ ती चौकटीला खांदा लावून मागं उभी राहिली. प्रेक्षकांत कुणालाच ते कळलं नाही. मी जीव खाऊन दार आपटलं, तरी चौकट जरासुद्धा हलली नाही. बाहेर आले तर ती शेजारीच होती, ओठ घट्ट दाबून. मी काही बोलणार तेवढ्यात तिनं मानेनंच गप्प केलं. आत प्रयोग अजून चालू होता.

पडदा पडल्यावर लोक माझं कौतुक करायला आले. त्यांना घेऊन मी तिच्याकडं गेले. ती चौकट सोडवत होती. कडेच्या घासण्यानं तिचा खांदा लालभडक झाला होता.

“बघू दे,” मी म्हणाले.

“आधी ह्या बाजूनं उचल. पुढचा संघ खोळंबलाय.”

कौतुकाला आलेल्यांपैकी दोघांनी न सांगताच दुसरी बाजू धरली.