अठ्ठ्याण्णव टक्के

हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसणाऱ्या त्या बाईला सगळे पाठीमागे 'तोफ' म्हणत. ड्यूटी संपली की ती आणि तिची ताई खिडकीला रजई टांगून अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करायच्या. बहुतेक वेळा वाचायची तोफ, ऐकायची ताई. चूक झाली की ऐकणारी टेबलावर दोनदा टकटक करायची. म्हणजे पुन्हा वाच.

पुस्तकं पोचवायला एक फुकटचा प्रोग्राम होता. त्याचा कोड कुणालाही उघडून बघता येई. मधे कुठलं गोदाम नाही. फाइलचे तुकडे ऐकणाऱ्यांच्याच कॉम्प्युटरवर राहत आणि तिथूनच पुढच्याला मिळत. अट एकच, आपलं काम झालं म्हणून प्रोग्राम बंद करायचा नाही.

मग ताईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. पाठोपाठ तोफेची हार्ड डिस्कही गेली. ताईने स्वतः वाचलेलं एकुलतं एक पुस्तक, ध्वनिशास्त्राचं, त्यातच होतं. तोफेने ते लोकांकडून परत मागवलं. अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर प्रोग्राम अडून बसला. ज्याने त्याने परीक्षेपुरते धडे ठेवले होते, बाकीचे उडवले होते.

तोफेने फोन लावायला सुरुवात केली.

"बाई, माझी परीक्षा झाली, मी काढून टाकलं. दुसऱ्या कुणाकडे असेल की!"

"तो दुसरा कोण ते सांग ना! सकाळपासून त्यालाच शोधतेय मी. फुकट मिळालं की मातीमोल, नाही का?"

शेवटी वाद्यं सुरात लावून देणारा एक जुना विद्यार्थी सापडला.

"अख्खं आहे माझ्याकडे, मावशी."

"मग चालू कर की, गाढवा!"

त्याने चालू केलं. आकडा ढिम्म हलेना.

तोफेला शंका आली. "तू त्यात हात घातलास का?"

"थोडं साफ केलं. ताईंचा खोकला काढला, टकटक काढली. मस्त गुळगुळीत झालंय."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. प्रोग्राम प्रत्येक तुकड्याचा ठसा मूळ ठशाशी ताडून बघतो. एक खोकला काढला तरी ठसा जुळत नाही आणि तुकडा परत जातो.

"कुणी सांगितले होते नसते उद्योग? तो खोकला माझ्या ताईचा होता! तिच्या घशातून आलेलं काय ठेवायचं आणि काय नाही, हे तू ठरवणार? नको मला तुझं ते गुळगुळीत पुस्तक!"

तिने फोन आपटला.

शेजारी बसलेल्या ताईने टेबलावर दोनदा टकटक केलं.

"काय? काय चुकीचं बोलले मी?"

पुन्हा टकटक.

"तुझी बाजू घेऊन भांडतेय, आणि तू मलाच..."

टकटक. ताईची नजर फोनवरून हलेना.

तोफेने दातओठ खात पुन्हा नंबर लावला. "ऐक रे. साफ केलेलंच पाठव. नवीन फाइल म्हणून टाक, मी घेते. पण आजपासून प्रोग्राम बंद करायचा नाही. केलास ना..."

ती थांबली, कानोसा घेतला. टेबलावरून काही आवाज आला नाही.

"...तर घरी येऊन तुझ्या सगळ्या वाद्यांच्या तारा तोडीन," तिने वाक्य पुरं केलं.