मोहाखालची राखण

मोहाखालचा पालापाचोळा पेटवून मी उभ्या उभ्या झोपलो.

फुलं स्वच्छ वेचता यावीत म्हणून आमच्याकडे झाडाखालचा पाला आधी जाळतात. मोह अस्वलालाही आवडतो, म्हणून एकाने वाकून वेचायचं आणि दुसऱ्याने डोळे उघडे ठेवून आग नि अस्वल दोन्ही बघायचं. हे बघायचं काम मीच हौसेने मागून घेतलं होतं. कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यात रात्रपाळी करून मी थेट जंगलात येत असे आणि झोप आळशांना लागते, असं गावभर सांगत असे. खरं तर तेव्हा माझे हात कापायचे, छाती उगाच धडधडायची आणि बायकोचा प्रश्न डोक्यात शिरेपर्यंत ती दुसऱ्याच विषयावर गेलेली असायची.

डोळे उघडले तेव्हा समोर नुसता धूर होता. आग झाडापलीकडे सरकली होती. बायको टोपली घेऊन कोणत्या बाजूला गेली, ते काही केल्या आठवेना. हाक मारायला तोंड उघडलं, तर तिचं नावच सुचेना. आगीपेक्षा मी त्या विसरण्याला जास्त भ्यालो.

मग ती धुरातून खोकत आली. हातात ओली डहाळी होती, लुगड्याचा काठ जळाला होता. आग तिनेच झोडपून विझवली होती. तिने माझ्या खिशातली माचीस काढून घेतली.

"उद्यापासून घरीच झोपत जा जी," ती म्हणाली. "राखणीले मी अस्वलच आणीन. ते तरी जागं राह्यते."