डीएसचा रुमाल

वर्धा बसस्थानकात आज कुणीतरी खिडकीतून सीटवर रुमाल टाकला आणि मी एकटीच हसले. पॉलिटेक्निकची तोंडी परीक्षा आठवली. विषय ८०८५ प्रोसेसर, आणि मी त्यात आधी एकदा नापास झालेली. बाहेरून आलेल्या कडक सरांनी विचारलं, "असेम्बलरला डीएस हा निर्देश कशाला देतात?"

घाबरून तोंडातून निघालं, "मेमरीत रिकामी जागा धरून ठेवायला, सर. एसटीत रुमाल टाकतो तसं."

सर हसले नाहीत. पुन्हा गेला विषय, असं समजून संध्याकाळी मी कारंज्याच्या गच्च बसमध्ये चढले. डिझेलचा वास, तापलेलं रेक्झिन, आणि समोर तेच सर. शेजारचा चौकड्यांचा रुमाल उचलत म्हणाले, "बस पोरी. तुले लाइनीत पाह्यलं अन् डीएस करून टाकलं."