पेणचे सेल, रोह्याचा काटा

लातूरहून निघताना आमच्या ह्यांनी पिशवीत सुतळी घेतली, सुईदोरा घेतला, बाम घेतला, पावसाचं नावही नसताना छत्री घेतली. फक्त टॉर्च विसरले. आणि निघालो होतो रोह्यापुढची कुड्याची लेणी बघायला. तिथल्या आतल्या खोल्यांत भर दुपारी अंधार असतो, हे ह्यांनीच मला जेवताना, झोपताना ऐकवलं होतं. मी ह्यांच्याकडे नुसतं बघितलं. आमच्याकडे तेवढं पुरतं.

तेव्हाचे मोबाईल बटणांचे. त्यांचा उजेड कुलपाचं भोक सापडण्यापुरता. म्हणून पेणला एस.टी.तून उतरल्यावर पहिलं काम टॉर्चचं. वाटेत कारखान्यांच्या दारांत रंग न दिलेले पांढरे गणपती ओळीने वाळत बसले होते. मला थांबून बघायचे होते, पण ह्यांनी मला जवळजवळ ओढतच एका इलेक्ट्रिकच्या दुकानात नेलं.

"लेण्यांत न्यायला स्वस्तातली, पण झगझगीत उजेडाची टॉर्च हवी. आणि तिला चांगल्या बॅटऱ्या," हे म्हणाले.

दुकानदाराने दोन टॉर्च पुढे ठेवल्या. "या दोन चांगल्या बॅटऱ्या हायत."

इकडे बॅटरी म्हणजे अख्खी टॉर्च आणि आत घालतात ते सेल. आमच्याकडेही जुनी माणसं असंच म्हणतात, पण निवृत्त झालेल्या शास्त्राच्या शिक्षकाला ते कसं चालणार? ह्यांनी तिथल्या तिथे तास घेतला. दुकानदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर हाय सर. मंग यातली कुठली बॅटरी देऊ?"

बोटभर लांबीची, पुढे बारीक पांढऱ्या दिव्यांचा गुच्छ असलेली एक टॉर्च ठरली. तिला तीन पेन्सिल सेल लागत. तीन साधे सेल तिच्यासोबत फुकटच मिळाले. ते घालून लावली तर काउंटरखालचा अंधारा कोपरा उजळून निघाला. मी म्हटलं, झालं, चला. पण हे कसले हलतात.

"हे घड्याळाला ठीक. ही टॉर्च सेल खाणार. थोडा वेळ लखलखाट, मग पिवळी. हिला अल्कलाइनच पाहिजेत."

अल्कलाइन आले, तर ते जुने पडून राहिलेले नसतील कशावरून? त्याचीही ह्यांच्याकडे परीक्षा होती. सेल काउंटरवर थोड्या उंचीवरून उभा सोडायचा. ताजा असेल तर थप्पकन बसतो, उतरलेला असेल तर टुणकन उडतो. दुकानात गिऱ्हाईक वाढत होतं आणि आमचे हे डोळे बारीक करून थप्प, थप्प करत होते. मी दाराकडे तोंड करून उभी राहिले, म्हणजे निदान पाठीवरून तरी आम्ही एका घरचे वाटू नये.

शेवटी तीन सेल पास झाले. बाहेर पडल्यावर ह्यांनी काय करावं? फुकटचे साधे सेल टॉर्चमध्ये तसेच ठेवले आणि निवडून घेतलेले जपून पिशवीत कुठेतरी टाकले. "चांगले लेण्यांत लागतील. आत्तापासून कशाला वापरायचे?" लग्नातला आहेर न वापरता कपाटात पिवळा पाडणाऱ्या घरातले आहेत हे.

रोह्याच्या गाडीत डोलवीपर्यंत शिफ्टला जाणारी कारखान्याची माणसं होती. ती उतरल्यावर गाडी मोकळी झाली आणि हे सीटखाली टॉर्च मारून बघू लागले. नागोठण्याला चढलेली एक म्हातारी टोपली मांडीवर घेऊन ते बघत होती.

"काय हरवलाय गो तुझ्या घरवाल्याचा?" तिने मला विचारलं.

"काही नाही, उजेड बघतायत."

"बाहेर ऊन हाय की एवढा," ती म्हणाली. मला तिच्या मांडीवर डोकं ठेवून हसावंसं वाटलं.

रोह्याला उतरलो ते भुकेने व्याकूळ होऊन. स्टँडजवळच्या खानावळीत भारनियमनामुळे वीज नव्हती, पण जिताड्याचं (खाडीच्या मचूळ पाण्यातला मोठा मासा) कालवण चुलीवर रटरटत होतं. खानावळीच्या मावशी वाढतानाच म्हणाल्या, "डोक्याचा तुकडा हाय काका, जपून खावा." आमच्याकडे काटा म्हणजे बाभळीचा. ह्यांनी मान हलवली आणि अर्ध्या जेवणातच हे खायचे थांबले.

आधी खोकला आला. मग डोळ्यांतून पाणी. मावशींनी सुक्या भाताचा गोळा गिळायला दिला, त्याने काटा आणखी रुतला. हे थुंकले तर लाळेत रक्ताची रेघ होती. बोलायला गेले आणि नुसता घरघर आवाज आला. मला फार भीती वाटली. परक्या गावात, ओळखीचं माणूस नाही, आणि आयुष्यभर न थांबता बोलणारा हा माणूस माझ्याकडे मुक्याने बघतोय.

मावशींनीच रिक्षा थांबवली. "पुलापलीकडं अष्टमी गावात न्या यांना. डॉक्टरीणबाई आसतील."

कुंडलिकेवरचा पूल मी पाहिला असं म्हणायला हरकत नाही, पण आठवतो तो फक्त ह्यांचा माझ्या मनगटावरचा घाम आलेला हात. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. वीज नसल्यामुळे त्यांचा दिवा बंद होता आणि खिडकीचा उजेड घशापर्यंत पोचत नव्हता.

"काटा दिसला तर आत्ता काढते," त्या म्हणाल्या. "नाही दिसला तर अलिबागला न्यावं लागेल. चाचपडत चिमटा घालणार नाही. तुमच्याकडे बॅटरी आहे?"

होती. मी टॉर्च धरली, ह्यांनी आ केला, बाई वाकल्या. आणि उजेड पिवळा पडत पडत विझायला आला. सीटखालचा सगळा अंधार पाहून झाला होता ना.

"अहो, चांगले सेल कुठे ठेवलेत?"

ह्यांनी डोळ्यांवरच्या चष्म्याकडे बोट दाखवलं. मी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा नाकावर ठेवला. ह्यांनी कपाळावर हात मारला आणि हाताने डबी उघडल्यासारखं केलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पिशवीतून चष्म्याचं घर काढलं, तर ते खुळखुळत होतं.

एक नवा सेल बसवला आणि वेळ वाचावा म्हणून तसंच झाकण फिरवू लागले, तर हे आ वासलेल्या तोंडाने जोरजोरात बोट हलवायला लागले. घरी घड्याळाचे सेल बदलताना ऐकलेलं आठवलं. जुन्यात नवा मिसळायचा नाही. त्या अवस्थेतही ह्यांना ते दिसलं होतं. तिन्ही बदलले. या वेळी पडलेला उजेड पांढराशुभ्र होता आणि तो हलेना.

"दिसला," बाई म्हणाल्या. "ताई, हात स्थिर. काका, गिळू नका."

चिमटा आत गेला, बाहेर आला. कापसावर नखाएवढा वाकडा काटा. ह्यांनी दोन घोट पाणी प्यायलं, घसा चाचपला आणि घोगऱ्या आवाजात पहिला शब्द काढला.

"बंद कर. सेल उतरतील."

मी हसले आणि हसता हसता तिथेच रडले. बाईंनी मला खुर्ची दिली. इतकं मोकळं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दोन दिवस बोलायचं नाही आणि उन्हात हिंडायचं नाही, असा हुकूम झाला. त्यामुळे लेणी राहिली. मी मात्र एक गुहा आतून नीट बघून आले, असं ह्यांना रात्री लॉजवर सांगितलं. हे हसले, पण आवाज न करता.

परत जाताना पेणला गाडी बदलायची होती. या वेळी गणपती मनासारखे बघितले आणि मग माझ्याच पायांनी त्या दुकानात गेले.

"काय काका, लेणी बघितली?" दुकानदाराने विचारलं. ह्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"तीन सेल. अल्कलाइन," मी म्हटलं. पहिला काउंटरवर सोडला, थप्प. दुसरा, थप्प. तिसरा उडाला, तो परत दिला.

"काकूंना पन लागण झाली म्हनायची," दुकानदार वेगळा सेल काढत म्हणाला.

गाडीत बसल्यावर हे ते नवे सेल सवयीने चष्म्याच्या घरात टाकू लागले. मी ते काढून घेतले आणि माझ्या पर्समध्ये ठेवले. आधीचे चांगले सेल टॉर्चमध्येच राहिले. ह्यांनी विरोध केला नाही, पण त्यांना बोलायचीच बंदी होती.

खोपोली सोडून गाडी घाट चढू लागली तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या आणि आतला दिवा लागला नव्हता. शेजारी कसलाच आवाज नाही म्हणून मला उगीच धास्ती वाटली. मी टॉर्च काढली आणि तिचा झोत ह्यांच्या तोंडावर मारला. हे डोळे किलकिले करून माझ्याकडे बघू लागले आणि ह्यांनी हाताने खूण केली, बंद कर.

मी आणखी थोडा वेळ तशीच धरून ठेवली.