एक माप मोठ्या बांगड्या

वारज्यातल्या आमच्या शेडला पाटी नव्हती. पाटीला वडिलांचा विरोध होता. पाटी लागली की आधी वर्गणीवाले येतात आणि गिऱ्हाईक नंतर, असे त्यांचे मत होते. पत्ता विचारणाऱ्याला ‘कोबीच्या वावरापलीकडची पत्र्याची शेड, दारात बायकांच्या चपला दिसतील ती’ असे सांगितले जाई. तेवढ्यावर माणूस नेमका पोहोचत असे. बायकांच्या इतक्या चपला दारात असलेली दुसरी शेड त्या रस्त्यावर नव्हती.

शेड आईची होती. नव्वदीच्या दशकात बाहेरचे टीव्ही आणि टेपरेकॉर्डर बाजारात आले, आणि आई ज्या रेडिओच्या कारखान्यात लाइनवर काम करत होती तो आधी मंदावला, मग बंद झाला. कंपनीने हातावर ठेवलेल्या रकमेचे काय करायचे यावर घरी चर्चा झाली. वडिलांनी मुदत ठेव सुचवली. आई म्हणाली, ‘‘मला वायरिंग येतं.’’ वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. चर्चा कुठे संपली हे त्यांना लगेच कळत असे.

शेडमध्ये दुचाकी गाड्यांचे वायरिंग तयार होई. वायरी ठरावीक लांबीत कापायच्या, टोके सोलायची, त्यांवर पितळी टर्मिनल दाबून बसवायचे, खिळे ठोकलेल्या फळीवर वायरी नकाशाप्रमाणे पसरायच्या, टेप गुंडाळायची, आणि शेवटी दिवा पेटतो का ते पाहून एकेक वायर तपासायची. हे सगळे काम बायका करत. बहुतेक जणी गावातल्या शेतकरी घरांतल्या सुना होत्या. दोघी शेजारच्या बौद्ध वस्तीतून येत. तपासणीच्या टेबलावर आईची रेडिओ कारखान्यातली जुनी सहकारी बसे. तिला सगळ्या मावशी म्हणत. मावशींचे यजमान कारखान्याच्या चांगल्या दिवसांतच गेले होते. त्यांच्या हातात तेव्हापासून बांगडी नव्हती.

सुना कामाला आल्या त्यामागे गावातल्या एका आजींचा शब्द होता. आजींच्या दोन सुना सर्वांत आधी शेडमध्ये आल्या. आजींनी पाठवल्या म्हणून बाकीच्या घरांनी पाठवल्या. पहिला महिनाभर आजी नातवाला कडेवर घेऊन रोज दुपारी दाराशी येऊन बसत आणि आत काय चालते ते पाहत. मग येणे कमी झाले. आईने त्याचा अर्थ परवानगी असा घेतला.

शेडचे तोवरचे काम एका जुन्या स्कूटरच्या सुट्या भागांचे होते. ती स्कूटर बंद होणार हे सगळ्यांना माहीत होते. त्यामुळे मोटारसायकलींना भाग पुरवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याने नमुना मागवला आणि पाहणीसाठी माणूस पाठवतो असे कळवले, तेव्हा त्या भेटीवर शेड राहणार की जाणार हे ठरणार होते.

पाहणीचा माणूस शनिवारी आला. तरुण इंजिनिअर, बगलेत फाइल. कॉलेजला सुट्टी असल्याने मी कोपऱ्यात मालाच्या चिठ्ठ्या लिहीत होते. तो दारातून सरळ वडिलांकडे गेला.

‘‘साहेब, प्रोसेस शीट बघायला मिळेल?’’

वडील स्टोव्हपाशी होते. ‘‘शीट मॅडमकडे आहे. माझ्याकडे चहा आहे. साखर किती?’’

त्याने आईकडे पाहिले, एकदा ‘सॉरी’ म्हटले, आणि त्यानंतर दिवसभर फक्त तिच्याशी बोलला. त्याचे काम चोख होते. टर्मिनल ओढून पाहिले, टेप उलगडून पाहिली, मावशींच्या टेबलाशी बराच वेळ उभा राहिला. शेवटी त्याने फळीच्या खालच्या खाचेतून काहीतरी बोटावर उचलले आणि आईसमोर धरले. तिळाएवढा हिरव्या काचेचा तुकडा होता.

‘‘मॅडम, काम चांगलं आहे. पण हा कनेक्टरमध्ये गेला तर गाडी रस्त्यात बंद पडेल आणि कारण कुणालाच सापडणार नाही. मनगटं मोकळी पाहिजेत. मंगळसूत्र एप्रनच्या आत चालेल. बांगडी नाही, अंगठी नाही. पुढच्या भेटीत मनगटं मोकळी दिसली की ऑर्डर सुरू.’’

आईने वाद घातला नाही. तो बरोबर होता.

तो गेला. मग आजींची थोरली सून म्हणाली, ‘‘ताई, हे आमच्याकडं नाय चालायचं. आत्याबाई उंबरा ओलांडू देणार नाहीत.’’

बौद्ध वस्तीतल्या दोघींपैकी एक म्हणाली, ‘‘आमचं काही नाही. काढून टाकू.’’

‘‘मग नवीन काम तुम्ही दोघी आणि मावशी करा,’’ कोणीतरी सुचवले. ‘‘आम्ही जुनं करतो.’’

मावशींनी तपासणीचा दिवा बंद केला. ‘‘माझे हात बरे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कधीपासून कंपनीच्या नियमात बसतायत.’’

यावर कोणाला हसावे की नाही ते कळले नाही. आई म्हणाली, ‘‘मला इथे दोन पंगती बसवायच्या नाहीत. जुनं काम किती टिकणार ते तुम्हालाही माहीत आहे. करायचं तर सगळ्यांनी, नाही तर कोणीच नाही.’’

आधी आईने आडमार्ग शोधला. जुन्या सुती कापडाच्या, इलॅस्टिक लावलेल्या पट्ट्या शिवल्या. बांगड्या कोपराकडे सरकवायच्या आणि वरून पट्टी चढवायची. पहिल्याच दिवशी धाकट्या सुनेची बांगडी पट्टीच्या आत पिचली आणि पट्टी काढताना काच फळीवर सांडली. आईने सगळ्या पट्ट्या गोळा करून पिशवीत टाकल्या. बांगड्या रोज काढून घालणेही शक्य नव्हते. कासारीण हात दाबून, अगदी मापात बांगड्या भरते. तशा भरलेल्या बांगड्या रोजच्या घाईत काढायला गेले तर फुटतातच, आणि भरल्या घरात बाईने आपल्या हाताने बांगड्या फोडणे म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

तिसऱ्या दिवशी आजी आल्या. या वेळी दाराशी न बसता आत आल्या आणि नातवाला खाली सोडले.

‘‘बाई, म्या सुना कामाला धाडल्या. पांढऱ्या कपाळाच्या नि मोकळ्या हाताच्या करायला नाय धाडल्या.’’

‘‘कपाळाला कोणी हात लावलेला नाही, आजी,’’ आई म्हणाली.

‘‘हात मोकळा दिसला तर रस्त्यानं जाणारा काय म्हणंल? या घरात काय झालं म्हणंल?’’

आई बाकावरून उठली आणि आजींना बसायला जागा दिली. ‘‘तुम्हीच सांगा काय करू. काच कामात पडते, हे खरं आहे. मी स्वतः पाहिलं. ऑर्डर गेली तर शेड जाते. तुमच्या सुनांचं काम जातं, माझंही जातं.’’

आजी बाकावर टेकल्या. थोरली सून मान खाली घालून वायरी सोलत राहिली. तेव्हा मावशी आपल्या टेबलावरूनच म्हणाल्या, ‘‘आजी, एक विचारू? राग मानू नका. कालव्यावर धुणं धुताना तुमच्या बांगड्या दगडावर काढून ठेवलेल्या असतात. मी येता-जाता बघते. आजोबा तर ठणठणीत आहेत.’’

सगळ्या जणी आपापल्या फळीकडे पाहू लागल्या. आजींचा चेहरा लाल झाला.

‘‘म्हातारा जित्ता हाय की माझा! त्याला काय धाड भरलीय?’’ त्यांनी मनगट पुढे करून हलवले. बांगड्या हातभर सरकल्या. ‘‘माझी बोटं सुजत्यात. घट्ट बांगडी चढंना, म्हून कासारणीनं मोठं माप भरलंय. ढिल्या हायत, निघत्यात नि बसत्यात. काढल्या म्हंजे काय फोडल्या का?’’

बोलता बोलता त्या थांबल्या. स्वतःच्या मनगटाकडे पाहिले, मग सुनेच्या. सुनेने आता मान वर केली होती.

‘‘मग यांच्याबी ढिल्या करा की,’’ आजी म्हणाल्या. ‘‘त्यात काय एवढं?’’

जणू आपण सुरुवातीपासून हेच सांगत होतो, असा त्यांचा सूर होता. आईने तो तसाच राहू दिला.

कासारीण दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आली. टोपली उतरवण्याआधीच तिने तक्रार केली. ‘‘ढिल्या भरल्या तर लोक मला नावं ठेवतील. म्हणतील, हिला माप कळत नाही. मी हात बघून माप देते.’’

‘‘ठेवू दे नावं,’’ आजी म्हणाल्या. ‘‘ठेवणाऱ्याला माझ्याकडं धाड.’’

जुन्या बांगड्या शेडमध्ये फोडायच्या नाहीत, असे आजींनी ठरवले. साबणाचे पाणी लावून कासारणीने एकेक बांगडी उतरवली. बराच वेळ लागला, पण एकही फुटू दिली नाही. त्या सगळ्या तिने माघारी घेतल्या आणि एक माप मोठ्या भरल्या. खर्च शेडचा. आजींनी स्वतःच्या होत्या त्याच ठेवल्या, पण बाकावर बसून प्रत्येकीला बांगड्या काढायला आणि घालायला लावल्या. कोणाची अडखळली तर कासारणीला परत माप बदलायला सांगितले.

वडिलांनी रविवारी सागवानी पट्टीला खुंट्या बसवल्या आणि ती दाराच्या आत, खांद्याच्या उंचीवर ठोकली. प्रत्येकीला एक खुंटी. आईने मावशींसाठीही एक ठेवायला सांगितले होते. मावशींनी सकाळी पट्टीकडे पाहिले, चष्म्याची पिशवी त्या खुंटीवर अडकवली आणि म्हणाल्या, ‘‘चला, आमचीही सोय झाली.’’

पुढे मी वृत्तपत्रात नोकरीला लागले आणि काही वर्षे उद्योगाचे पान पाहिले. खराडीकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. पायाभरणीचे समारंभ होत, पाहुण्यांच्या भाषणात रोजगारनिर्मिती हा शब्द येई आणि आम्ही तो छापत असू. शहराच्या कडेने असलेल्या अशा शेड त्या पानावर आल्या नाहीत. बातमीचे जे माप ठरलेले होते त्यात त्या बसत नव्हत्या. त्या काळात पुण्यात तयार झालेल्या किती गाड्यांचे दिवे गावच्या सुनांच्या हातांनी पेटते झाले, हे मला सांगता येणार नाही. पेटते झाले एवढे मात्र मी पाहिले आहे.

खुंट्या लागल्यावर इंजिनिअर दुसऱ्या भेटीला आला, तो या वेळी सरळ आईकडे निघाला. दाराशी मात्र थबकला. खुंट्यांवर हिरव्या बांगड्यांचे झुबके लटकत होते, मध्ये एक चष्म्याची पिशवी.

‘‘हे काय?’’

‘‘हजेरी,’’ आई म्हणाली.

त्याने प्रत्येक फळीशी जाऊन मनगटे पाहिली. खाचांतून बोट फिरवले, बोट उजेडात धरून पाहिले. एप्रनच्या आत मंगळसूत्रे होती, बोटांत काही नव्हते. त्याने फाइलवर सही केली आणि कागद वडिलांकडे न नेता आईपुढे ठेवला. आईने पूर्ण नावाने सही केली आणि खाली ‘मालक’ लिहिले.

निघताना तो पट्टीपाशी पुन्हा थांबला. ‘‘मॅडम, आमच्या बाकीच्या पुरवठादारांना ही पद्धत सांगितली तर चालेल का?’’

‘‘सांगा की. मापं मात्र ज्याची त्याला घ्यावी लागतील. आमची कासारीण पाठवते.’’

आजी सकाळपासून बाहेर कोबीच्या बांधावर नातवाला खेळवत होत्या. आत यायचे त्यांनी टाळले होते. इंजिनिअरची मोटारसायकल रस्त्याला लागलेली पाहून वडील त्यांना सांगायला बाहेर गेले.

‘‘आजी, पास.’’

‘‘आमच्या बांगड्या म्या कवाच पास केल्यात,’’ आजी म्हणाल्या. ‘‘त्यो सायेब पास झाला का, ते सांगा.’’