तांबड्या घोडीचा सौदा

गेल्या वैशाखातला पहिला रविवार, सकाळी साडेआठ. ठरलेली रक्कम अठ्ठ्याहत्तर हजार. त्यातला रुपयाही अजून दिलेला नव्हता. हजर माणसे चार: मी, माझी अकरावीतली मुलगी, मेव्हणा आणि घोडीचा मालक. जागा धारूरच्या घाटाखालची मालकाची शेतवस्ती.

मुलगी वसतिगृहात राहून घोडेस्वारी शिकते. अडथळ्यांवरून घोडा उडवणे हा तिचा खेळ. तिथला घोडा एकदा तिच्यासकट कोसळला आणि तिच्या खांद्याचे हाड मोडले. तेव्हापासून तिचा फोन आला की मी आधी हाडांची चौकशी करतो. स्वतःचा घोडा घेतला तर निदान पारखून घेता येईल, एवढाच माझा विचार.

वहीत सतरा प्रश्न लिहून नेले होते. चावते का, लाथ मारते का, ट्रकला बुजते का. मालकाने सगळ्यांची उत्तरे दिली, दात दाखवले, खूर उचलून दाखवले. गोठ्यात खुंटीला जरीची झूल टांगली होती. तीही मी पाहिली आणि पुढे गेलो.

दोन निळ्या ड्रमांवर बांबू आडवा टाकला. टेप लावली: दोन फूट अकरा इंच. आधी मालक उडवून आला, मग मुलगी बसली.

"दाजी, डोळे उघडा," मेव्हणा म्हणाला. "पैसे तुमचे चाललेत."

पहिली उडी साफ. दुसरीही. तिसऱ्यांदा ती वळून येत होती, तेवढ्यात खालच्या रस्त्याने वरात निघाली आणि हलगी कडाडली.

घोडी जागीच थबकली आणि मागच्या पायांवर उभी राहिली. टेकली, पुन्हा उठली. मुलीचे तोंड आभाळाकडे. मी धावलो नाही. हेल्मेटचा पट्टा आपण तपासला होता का, एवढेच डोक्यात फिरत होते.

"लगाम ढिला सोड, पोरी! आयाळ धर!" मालक ओरडला आणि घोडीकडे न जाता रस्त्याकडे पळाला. हलगी थांबली. घोडीने पाय खाली ठेवले आणि शेपटीने माश्या हाकलू लागली.

मालक धापा टाकत परत आला. "वरातीत नाचती ती, सायेब. चार वर्सं झाली."

"मग आधी सांगायला काय झालतं बे?" मेव्हणा तापला.

"सायबानं सतरा सवाल केलते. नाचायचं त्यात न्हवतं."

ते खरे होते.

"उतर, चल घरी," मी म्हणालो. मुलगी उतरेना. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"पप्पा, त्यांना परत वाजवायला सांगा."

"नाही."

"ही नाही घेतली तरी मी दुसऱ्या घोड्यावर बसणारच ना? हिचं काय ते कळलं तरी."

पुढच्या घोड्याच्या वेळी मी अठरा प्रश्न विचारले असते आणि एकोणिसावा राहिला असता.

मालक तीन हजार कमी करायला तयार झाला. मी नको म्हणालो. त्याऐवजी त्या वरातीतल्या हलगीवाल्याला रोज सकाळी यायला ठरवले. पहिल्या दिवशी तीनशे पावलांवरून वाजवायचे, मग रोज पंचवीस पावले जवळ. घोडी शांत राहिली तरच सौदा. पहिले चार दिवस ती मागच्या पायांवर उभी राहिलीच, आणि मुलगी आयाळीला चिकटून. मी बांधावर बसून असे. पाण्याची बाटली भरलेली नेई आणि तशीच परत आणी.

"घरी अक्काला काय सांगितलं?" मेव्हण्याने विचारले. अक्का म्हणजे त्याची बहीण, माझी बायको.

"घोडी बघतोय म्हणून."

"बारा दिवस? नवरी बघायला एवढे लागत न्हाईत, दाजी."

बाराव्या सकाळी हलगी पंचवीस पावलांवर आली. घोडीने कान टवकारले, पुढचा उजवा पाय उचलला. मी सातपर्यंत मोजले. पाय खाली आला. मग ती बांबूवरून साफ गेली, हलगी वाजत असताना.

मालकाला पूर्ण अठ्ठ्याहत्तर हजार मेव्हण्यासमक्ष दिले. हलगीवाल्याला दोनशेप्रमाणे बारा सकाळींचे चोवीसशे. आणि उद्या आणखी एकदा ये म्हणून तेराव्या सकाळचे दोनशे आगाऊ.