सोळावी बाथरूम

कुठलंही काम सोळाव्यांदा करायला किती वेळ लागेल हे पहिल्याच खेपेला सांगणारी या पृथ्वीतलावर एकच बाई आहे, आणि ती माझी मोठी नणंद आहे. २०१५ साली आम्ही नवरा-बायको पुण्याहून न्यूझीलंडात, पोरिरुआला त्यांच्या घरी उतरलो. त्याच आठवड्यात मी जन्मात पहिल्यांदा पुरणपोळ्या केल्या, तर ताई मोबाइलवर वेळ लावून मागे उभ्या. पहिल्या पोळीला बारा मिनिटं लागली. "सोळावी पाचात होईल," त्या म्हणाल्या. पुरण आठव्या पोळीलाच संपलं, तेव्हा सणासुदीचं तोंड पाडून त्यांनी 'डेटा अपुरा' असा शेरा दिला. मला गाडी शिकवतानाही तेच. मॉलच्या पार्किंगमध्ये मी गाडी मागे घेताना घामानं निथळत होते आणि शेजारी बसून ताई सेकंद मोजत होत्या. पण त्या कधी रागावल्या नाहीत. पहिल्यांदा वाईट होणं हा माणसाचा हक्कच आहे, असं त्यांना मनापासून वाटे.

हे वेड त्यांना नोकरीतून लागलं होतं. भिंती-नळांसकट अख्खी तयार बाथरूम बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटाच्या मजुरीचा अंदाज काढणं हे त्यांचं काम. एकाच तऱ्हेचं काम करताना हात बसत जातो. कामाचा आकडा दुप्पट झाला की एका नगाचा वेळ वीस टक्क्यांनी उतरतो, असा त्यांचा हिशेब. एका हॉटेलला बत्तीस बाथरूम हव्या होत्या. नमुन्याच्या पहिल्या बाथरूमला शंभर तास लागले असतानाही ताईंनी सरासरी पन्नास तास धरून किंमत दिली. मालकानं तो आकडा तीनदा तपासून घेतला, पण कंत्राट मिळालं. माझा नवरा त्याच कारखान्यात नवा सुपरवायझर होता आणि आमचा व्हिसा त्या नोकरीवर होता, म्हणून तो आकडा चुकून कारखाना तोट्यात गेला, तर आम्हालाही परत पुणंच गाठावं लागणार होतं.

दुसऱ्या बाथरूमला सत्त्याण्णव तास लागले. तिसरीला चौऱ्याण्णव. मालक ताईंशी बोलेनासा झाला. घरी ताई ताटातला भात नुसता चिवडत बसायच्या. मग एका सकाळी त्या ऑफिस सोडून थेट शेडमध्ये गेल्या आणि पाहतात तर चौथीवर चार भलतीच माणसं.

"पहिली ज्यांनी केली ते कुठायत?"

"सगळ्यांना शिकायला मिळावं म्हणून मी दर वेळी टीम बदलतो," नवरा अभिमानानं म्हणाला.

"अरे गाढवा!" भर शेडमध्ये, मराठीत. "शिकतात ती माणसं! बाथरूम शिकत नाही!"

जुने चौघे परत आले आणि शेवटपर्यंत तेच राहिले. चौथीला ऐंशी तास लागले, आठवीला छप्पन्न. सोळावी झाली त्या संध्याकाळी मी ताईंना भेटायला कारखान्यात गेले होते. नवऱ्यानं शेडमधूनच ओरडून सांगितलं, "त्रेचाळीस!" मालक धावत आला, ताईंचा हात दोन्ही हातांत धरून 'स्वीट ॲज, स्वीट ॲज', म्हणजे इथल्या भाषेत 'झकास, झकास', करत राहिला. ताई मान हलवून फक्त एवढंच म्हणाल्या, "होणारच होतं."

नवरा चौघांबरोबर मागे थांबला, आम्ही दोघी निघालो. खाडीच्या कडेनं जाताना ताईंनी एकाएकी गाडी बाजूला घेतली.

"मला तरी कुठे खात्री होती गं?" त्या म्हणाल्या. "रोज वाटायचं, माझ्या एका आकड्यापायी तुमची दोघांची बॅग भरावी लागणार."

त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळानं किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तू चालव. माझे डोळे मिटताहेत."

पुढच्या वर्षी ताई दूर उत्तरेला, अल्बनीला नव्या नोकरीवर गेल्या. आता भेटी कमी होतात, फोनवरही घाईत असतात. पण त्यांचं नाव निघालं की मला दिसतात त्या, शेजारच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपलेल्या. कित्येक आठवड्यांची झोप होती ती. घर आलं, तरी मला त्यांना उठववेना. मी तशीच पुढे गेले आणि खाडीला आणखी एक फेरी मारून आले.